टोमण्यासाठी व्हॉट्सॲप कसं? पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीवाल्या शेतकऱ्यांच्या, ग्रुपपुरतं परीक्षण

"टाक अजून दोन झाकणं, अळीसंगं पऱ्हाटीबी साफ होईन!" पारावर हे कोणी औषधाचं प्रमाण म्हणून ऐकत नाही, बोलणाऱ्याचं तोंड समोर दिसतं. तेच ग्रुपवर टाइप केलं की हेल उडून जातो आणि वाचणाऱ्याच्या हाती उरतात ती दोन झाकणं. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले आहेत. म्हणून औषध, प्रमाण आणि मिसळ यांवर लिहून टोमणा नकोच. पुढारी, कापसाचा भाव, हवामानाचा अंदाज यांवर खुशाल मारा.

टाइप केलेल्या टोमण्याला पाचपैकी दोन तारे, व्हॉइस मेसेजला साडेचार. "हो नंऽ भाऊ" मधला लांबवलेला "नं" देवनागरीत बसत नाही, आवाजात बसतो. अर्धा तारा कापला तो वेगाचा: कोणी दुप्पट वेगानं ऐकलं की हेल सपाट होतो. क्रूगर आणि एप्ली या मानसशास्त्रज्ञांच्या २००५ च्या प्रयोगात ईमेलवरचा उपरोध ओळखणं जवळपास छापा-काट्यावर आलं होतं, आवाजात ते बरंच जमलं. लिहिणाऱ्यांना मात्र दोन्हीकडे सारखीच खात्री होती. रोग तो आहे.

हसरा चेहरा याच दुखण्यावरचा उतारा. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ ला तो थट्टा ओळखू यावी म्हणूनच सुचवला. आपल्याकडे खुणा वापरून गुळगुळीत झाल्या. जोडलेले हात मयतीच्या बातमीखाली, आभारालाही, आणि "बस कर बाप्पा" म्हणायलाही!

मेसेज उजवीकडे ओढून उत्तर दिलं तर टोमणा कोणाला, ते कळतं. पण तेच उत्तर दुसऱ्या ग्रुपवर फॉरवर्ड झालं की वरचा मूळ मेसेज गळतो, आणि टोमण्याचा सल्ला होतो. मेसेज दुरुस्त करायला १५ मिनिटं मिळतात, सगळ्यांसाठी काढायला साधारण दोन दिवस. फॉरवर्ड झालेली प्रत मात्र तशीच फिरते. वयानं मोठ्या काकाजींची चूक दाखवायची तर "खाजगीत उत्तर" आहेच, चारचौघांत कशाला?

ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही काढता येतो. फवारणीच्या दिवसांत निदान दोन ॲडमिन ठेवा, एकाच्या वावरात रेंज नसतेच.