४२० रुपयांचे गमबूट, दोन पावसाळे वापरून

बेळगावच्या खडे बाजारातनं घेतलेले साधे काळे गमबूट, गुडघ्याखाली चार बोटं येतील एवढे उंच, आत पातळ कापडाचं अस्तर. दुकानदार म्हणाला चारशेवीस, मी म्हटलं आकडा तरी बदला की शेठ, तर हसला पण एक रुपया सोडला नाही. कंपनीचं नाव लिहीत बसत नाही, बाजारात सगळे एकाच साच्यातनं काढल्यासारखे आहेत.

आता बुटाचा कसला एवढा रिव्ह्यू म्हणाल. तर हे ४२० आम्ही दिले ते १ लाख ४६ हजारांचं बिल झाल्यावर, म्हणून लिहितोय.

गाव आमचं खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. दोन वर्षांमागं ऑगस्टमध्ये आप्पा संध्याकाळी बांधावरचं गवत कापत होते, अनवाणीच, पाऊस नुकता थांबलेला, आणि घोट्याच्या वर घोणस चावली. आप्पांनी बघितली, कुकरच्या शिट्टीसारखा आवाज केला म्हणाले. मी शेतात पोचेपर्यंत कोणीतरी पायाला सुतळी आवळून बांधली होती आणि शेजारच्या काकांचं चालू होतं की आधी त्या अमक्या गावच्या वैद्याकडं न्या, झाडपाल्यानं उतरतं. आणि खरं सांगतो, नेलं आम्ही. पाऊण तास तिथं गेला. त्यानं कसला तरी पाला वाटून लावला, ५०० घेतले, आणि तोपर्यंत आप्पांच्या हिरड्यांतनं रक्त यायला लागलं तेव्हा आमचे डोळे उघडले.

मग गाडी काढून सरकारी दवाखाना. तिथल्या सिस्टर कन्नडमधनं विचारायला लागल्या, "यावाग कच्चितु?" म्हणजे कधी चावला, आणि आम्हाला पाऊण तासाचा हिशोब सांगायची लाज वाटत होती. पण त्या लोकांचं काम मात्र मानलं पाहिजे. आधी ती सुतळी सोडवली, मग थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं, नळी टेबलावर सरळ उभी केली, कोणी हात लावायचा नाही, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत २० मिनिटं थांबायचं. २० मिनिटांनी नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं. घोणशीचं विष रक्त गोठण्यावरच घाला घालतं, त्यामुळं ही एवढी साधी टेस्ट पुरते, मशीन नको काय नको. लगेच एएसव्हीच्या १० वायली, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटल्या, सलाईनमधनं सुरू केल्या.

एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तातनं काढतात. आपल्याकडं एकच औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं चौघांवर चालतं, म्हणून साप मारून डब्यातनं दवाखान्यात घेऊन यायची काही गरज नसते (आम्ही असताना एकजण खरंच घेऊन आला होता, सिस्टर बाकड्यावर चढल्या). अर्धी सलाईन गेली आणि आप्पांना हुडहुडी भरली, अंगावर गांधी उठल्या, घोड्याचं ते प्रोटीन सगळ्यांच्या अंगाला सोसत नाही म्हणे. सिस्टरनी सलाईन बंद केली, एक इंजेक्शन दिलं, आणि थोड्या वेळानं परत हळूहळू सोडली. म्हणजे हे औषध घरात आणून गावच्या कंपाउंडरकडनं टोचून घ्यायचं काम नव्हे.

सरकारी दवाखान्यात हे सगळं फुकट झालं. रात्री लघवी कमी झाली, किडनीवर गेलंय म्हणून १०८ नं बेळगावला पाठवलं आणि तिथनं आम्ही घाबरून एका प्रायव्हेटमध्ये गेलो. नाव लिहीत नाही, उपचार चांगला होता, माणूस वाचलं, पण बिल समजावून सांगायला कोणाला वेळ नव्हता. अजून १० वायली, चार डायलिसिस, आयसीयूचे सहा दिवस, आणि रोज संध्याकाळी हातात एक चिठ्ठी की खालच्या मेडिकलमधनं एवढं घेऊन या. आमच्या बिलात एक वायल सहाशेच्या वर लागली होती. वर आम्ही दोघं भाऊ रोज हॉटेलात जेवणार, गोठ्यात जनावरं उपाशी, दूध डेअरीला गेलं नाही, भांगलणीला मजुरीनं माणसं लावली, आप्पा पुढं दोन महिने पाय उचलत नव्हते, हे सगळं १ लाख ४६ हजारांत धरलेलंच नाही. म्हैस विकली तेव्हा आई बोलली नाही कोणाशी.

नंतर वाचलं तर २००० ते २०१९ या काळात देशात साप चावून १२ लाखांच्या आसपास माणसं गेली असा अभ्यास आहे, वर्षाला सरासरी ५८ हजार, त्यातली निम्मी जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे नेमकी आमच्या भाताची वेळ. कर्नाटक सरकारनं २०२४ मध्ये सर्पदंशाची केस कळवणं दवाखान्यांना सक्तीचं केलं ते बरं झालं, निदान मोजतील तरी. आणि चावतात बहुतेक पायालाच. तेव्हा डोक्यात आलं की अरे, ४०० रुपयांत पाय झाकता आला असता.

तर आता बूट. बांधावर, गोठ्यात, गवत कापायला, रात्री मोटर चालू करायला एकदम बेस्ट. थोडे सैल घ्या, एक नंबर मोठा, जाड मोजा घालून. प्लास्टिक आणि पाय यांच्यात जागा राहिली की दात आतपर्यंत पोचणं अवघड जातं. लावणीच्या चिखलात मात्र अजिबात चालत नाहीत, पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो, मागच्या वर्षी मी असाच एक पाय हवेत धरून उभा राहिलो आणि बायका हसून हसून बसल्या. घाम भयंकर येतो, संध्याकाळी काढले की बोटं भिजवलेल्या मनुकांसारखी. सात महिन्यांनी घोट्याच्या घडीत चीर पडली, सायकलच्या ट्यूबचा तुकडा सोल्युशननं चिकटवलाय, अजून टिकलाय.

एक न सांगितलेला फायदा म्हणजे कुत्री. डेअरीला दूध घालायला जाताना एकानं सरळ बुटाला धरलं. दोन खड्डे पडलेत उजव्या बुटाला, पाय शाबूत. पुतण्याला आधी एकदा कुत्रं चावलेलं तेव्हा रेबीजच्या इंजेक्शनच्या चार खेपा, पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या, इंजेक्शन फुकट पण प्रत्येक खेपेला एक माणूस आणि एक दिवस जातो, आणि जखम खोल म्हणून जखमेतच सीरम, म्हणजे रेबीजवरचं दुसरं औषध, टोचलं तेव्हा पोरगं जे ओरडलं ते अजून आठवतं.

मण्यारीला या बुटाचा उपयोग शून्य. ती रात्री जमिनीवर अंथरूण घालून झोपलेल्याला चावते, बऱ्याचदा कळतही नाही. तिथं खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी.

आणि घालायच्या आधी बूट उलटे करून आपटा. मला एकदा लाल विंचू मिळाला आत. महाडच्या हिंमतराव बावस्कर डॉक्टरांनी प्राझोसिनची गोळी लागू केल्यापासून विंचवानं माणसं जायची कमी झाली हे खरं, पण गोळी घ्यायची वेळ कशाला आणायची.

साडेतीन स्टार. दीड कापला त्यातला अर्धा घामाचा. एक कापला तो यासाठी की बायकांच्या मापाचे मिळतच नाहीत. सहाच्या खाली नंबर नाही म्हणाला दुकानदार, बायका कुठं घालतात म्हणाला. घरात भांगलायला सगळ्यात जास्त वेळ वाकलेली असते ती आमची मंडळी, ती अजून अनवाणी जाते. पाच नंबर कोणाला बेळगावात, निपाणीत, कुठंही दिसला तर दुकान सांगा, मी येऊन घेतो.