‘तू गाय, वासरू मी’ उकलून दाखवणारा बडोद्यातला रविवारचा वर्ग

दांडिया बाजारात एका वाचनालयाच्या माडीवर हा काव्यवाचनाचा वर्ग भरतो. चार रविवार, सकाळी दोन-दोन तास, फी 600 रुपये, तुकडीत जास्तीत जास्त 15 जण. विषय एकच: आईबाप आणि मूल यांच्यात जे बिनसलेलं असतं, ते कविता रूपकातून कसं बोलते.

पहिल्याच बैठकीत पैसे वसूल होतात. कविता ‘प्रेमस्वरूप आई’, माधव जूलियन यांची. म्हणजे 1894 साली बडोद्यातच जन्मलेल्या माधव पटवर्धनांची. लताबाईंच्या आवाजामुळे ती सगळ्यांना पाठ असते, आणि म्हणूनच कुणी नीट वाचलेली नसते. आधी यशवंतांच्या ‘आई’ कवितेतली पिलांना चारा भरवणारी चिमणी बाजूला काढायला लावतात. ते रूपक नव्हे. ती खरीच चिमणी, पोरक्याच्या डोळ्यांत सलणारी. मग ‘प्रेमस्वरूप आई’तलं ‘तू माय, लेकरू मी, तू गाय, वासरू मी’. ‘जशी’, ‘सारखी’ असा एकही शब्द नाही, म्हणून उपमा नाही, रूपक. फळ्यावर तीन रकाने: उपमानाबद्दल (ज्याच्याशी तुलना केली त्याबद्दल, इथे गाय) आपल्याला काय ठाऊक आहे, त्यातलं कविता काय घेते, काय गाळते. पहिल्या रकान्यात दावं येतं, धार काढणं येतं. पान्हा सुटेपर्यंत वासराला पाजायचं आणि लगेच ओढून बांधायचं. गाय समोर, पण तोंड पोचत नाही. एवढं लिहून झालं की पुढची ‘ताटातुटी’ वेगळीच लागते.

त्याहून सरस भाग ‘गेली दुरी यशोदा टाकूनि येथ कान्हा’ या ओळीचा. पुराणात सोडून जातो तो कान्हा; गोकुळात मागे राहते यशोदा. कवीने गोष्ट उलटी केली आणि क्रियापद घातलं ‘टाकूनि’. मेलेल्या आईवरचा राग सरळ बोलता येत नाही, तो या एका शब्दात बसला आहे. रूपक फिरवलेलं दिसलं की आधी क्रियापद तपासा, ही सवय इथे लागते.

बापाची बैठक मात्र उरकलेली. फणस आणि नारळ ही झिजलेली रूपकं आहेत, एवढं सांगून पुढे जातात. का झिजली तेही सांगायला हवं होतं: वरून काटे, आत गरे म्हटलं की बापाला आधीच माफी मिळते, मग कवितेत ताण उरायचा कुठून? तिसरी बैठक मुक्तछंदाची, ठीकठाक.

शेवटच्या रविवारी आठ ओळी लिहायला 25 मिनिटं देतात. ती अपुरी आहेत. नियम उत्तम: रूपक एकच, ‘माया’ आणि ‘ममता’ हे शब्द बंद. तरी बहुतेक जण चौथ्या ओळीत दावं सोडून सावली, दिवा, समुद्र यांच्यामागे धावतात, आणि गायीपाशी जमलेला ताण तिथेच सांडतो.

झेरॉक्सच्या पानांवर विसंबू नका. ‘तूज’चं ‘तुज’ छापलंय, त्यामुळे आनंदकंद वृत्ताचा ‘गागालगालगागा’ (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू अक्षर) हा क्रम मोडतो आणि ओळ म्हणताना अडखळते. कविता शुद्ध प्रतीवरून उतरवून न्या, दोन ओळींत जागा सोडून. वृत्ताशी अजिबात ओळख नसेल तर पहिला तास जड जाईल. दुचाकी लवकर पोचून लावा. दहानंतर त्या गल्लीत जागा मिळत नाही.