एसएमपीएस टेस्टर: मेलेला ओळखतो, आजारी नाही

आमच्या ऑफिसातले डेस्कटॉप सगळे जुने, आणि एएमसीवाल्याचं (वर्षाचं मेंटेनन्स बघणाऱ्याचं) एकच ठरलेलं उत्तर, "बोर्ड गेलाय साहेब", म्हणजे मदरबोर्ड. म्हणून एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, तपासायला छोट्या डिस्प्लेचा हा टेस्टर ऑनलाइन मागवला, हजाराच्या आत पडला.

वापरायला सोप्पाय. प्लग काढायचा, बोर्डात घुसलेले २४ पिनचा आणि प्रोसेसरजवळचा ४ पिनचा कनेक्टर काढून यात लावायचे, मग करंट द्यायचा, की १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे आकडे समोर येतात. पाच टक्के वरखाली चालतं, म्हणजे १२ च्या जागी ११.४ ते १२.६. पीजी (पॉवर गुड, म्हणजे वीज नीट आल्याचा सिग्नल द्यायला लागलेला वेळ) म्हणून एक आकडा दिसतो तो मिलिसेकंदात असतो, १०० ते ५०० मध्ये असला की ठीक. सोबतच्या कागदावर यातलं काहीच धड लिहिलेलं नाही.

अकाउंट्सच्या मशीनचं बटन दाबलं की फॅन अर्धा गरका मारून थांबायचा. टेस्टर लावला तर स्टँडबायचे (मशीन बंद असतानाही येणारे) ५ व्होल्ट बरोबर पण १२ ची लाइन १०.८ वर आणि पीं पीं चालू, जाळीतून टॉर्च मारला तर आत कपॅसिटर पुरीसारखे टम्म फुगलेले. नवीन एसएमपीएस टाकला, मशीन सुरू, बोर्डाला काही झालेलंच नव्हतं! (एसएमपीएस उघडून आत बोटं घालू नका हां, प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट राहू शकतात.)

आता वैताग. हा टेस्टर लोड जवळपास टाकतच नाही, म्हणजे चालू मशीन खेचतं तेवढी वीज खेचून बघत नाही. रिसेप्शनचं मशीन अँटिव्हायरस स्कॅन लागला की धाडकन रीस्टार्ट व्हायचं आणि टेस्टरवर मात्र सगळं ओके, शेवटी शेजारच्या मशीनचा एसएमपीएस काढून लावला तेव्हा ते शांत झालं. त्यामुळे यानं फेल म्हटलं तर डोळे झाकून बदला, पण पास म्हटलं तर लगेच बोर्डावर खापर फोडू नका.

आणखी एक, डेल ऑप्टिप्लेक्स ७०२० सारख्या मशीनला बोर्डाकडे २४ च्या ऐवजी ८ पिनचा कनेक्टर येतो, तो यात बसतच नाही. ब्रँडेड मशीन असतील तर आधी झाकण उघडून पिना मोजा मगच ऑर्डर करा.

तसंही निम्म्या तक्रारींना हा लागत नाही. घड्याळ मागे जातंय तर बोर्डावरचा सीआर२०३२ बटन सेल बदला, बीप वाजतोय आणि डिस्प्ले नाही तर आधी रॅम काढून खोडरबरने घासा, मशीन रांगतंय तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर फुकट आहे त्यात हार्डडिस्क पिवळी दिसते का बघा, दिसली तर आधी बॅकअप घ्या बाकीचं नंतर.

साडेतीन स्टार. घरी एकच पीसी असेल तर घेऊ नका, दहा-पंधरा मशीन सांभाळत असाल तर घ्या.