घरी बनवलेली रॉकवूलची पॅनेल : एका पावसाळ्यानंतरचे परीक्षण

पुण्यातील आमच्या सदनिकेत बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच अशी एक खोली आहे. तेथे मी निवेदनाचे ध्वनिमुद्रण करतो आणि संध्याकाळी मुलीचा तबल्याचा रियाज चालतो. गिलावा केलेल्या भिंती, गुळगुळीत फरशी आणि काचेची मोठी खिडकी यांमुळे टाळी वाजवली की समोरासमोरच्या भिंतींमध्ये ती आपटत राहून पत्रा झणझणल्यासारखा आवाज येत असे आणि निवेदनातील प्रत्येक वाक्याचा शेवट पुढच्या वाक्यावर सांडत असे. आवाज शोषणाऱ्या तयार पॅनेलची दरपत्रके पाहून झाल्यावर मी आठ पॅनेल घरीच करायचे ठरवले.

मुख्य सामग्री रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंची लादी. घनमीटरला ४८ किलो घनतेची, १००० × ६०० मिलिमीटर आकाराची आणि ५० मिलिमीटर जाडीची लादी जेमतेम दीड किलो भरते. ज्या दुकानातून मी ती घेतली, त्याने कोपरे चुरगळलेल्या दोन लाद्या गठ्ठ्याच्या मधोमध घालून दिल्या आणि नंतर बदलून देण्यास नकार दिला, म्हणून घेतानाच गठ्ठा सोडून पाहावा. चौकटीसाठी भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून पाइनच्या पट्ट्या आणल्या. लादी कापताना हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मास्क हवाच, कारण तंतू त्वचेला फार खाजतात. असे तंतू कर्करोग घडवतील, या धास्तीने अनेक जण रॉकवूल टाळतात. परंतु कर्करोगाविषयीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २००२ मध्ये या तंतूंना 'मानवात कर्करोगकारक म्हणून वर्गीकरण करता येत नाही' अशा गटात ठेवले आहे. लादीभोवती पातळ नॉनवोव्हन (न विणलेले) कापड गुंडाळले की तंतू बाहेर येत नाहीत.

कापडाच्या बाबतीत मात्र माझी चूक झाली. पहिल्या दोन पॅनेलना मी सोफ्याचे उरलेले, मागून रबरी लेप असलेले कापड लावले. ते देखणे दिसत होते, पण वरचे स्वर लादीत शिरण्याऐवजी त्याच्यावरूनच परतत होते. कापड तोंडाशी धरून फुंकर मारावी आणि ती सहज पलीकडे गेली तरच ते घ्यावे. या कसोटीला साधी सुती खादी उतरली आणि ती दोन्ही पॅनेल उसवून पुन्हा मढवावी लागली.

ही पॅनेल भिंतीला चिकटवून टांगण्यापेक्षा मागे दोन इंचांचे लाकडी ठोकळे लावून पोकळी ठेवणे हा या सगळ्या खटाटोपातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लाभदायक भाग ठरला. भिंतीला अगदी लागून हवेच्या कणांची हालचाल जवळजवळ थांबलेली असते आणि तंतूंचे काम तर त्या हालचालीला घर्षणाने अडवण्याचे आहे; त्यामुळे लादी जितकी पुढे सरकते, तितके खालचे स्वर तिच्या आवाक्यात येतात. लागून टांगलेली लादी साधारण ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) वर नीट काम करते, तर पोकळीमुळे २५० हर्ट्झच्या आसपासही फरक स्पष्ट जाणवतो. पुरुषी आवाजाचा जो भाग छोट्या खोलीत डबक्यासारखा साचतो, तो बराचसा याच टापूत असतो.

जागा निवडतानाही थोडा विचार हवा. तोंडासमोरच्या भिंतीवर सगळी पॅनेल लावण्याचा मोह होतो. परंतु नेहमीचा कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचे ऐकणारा, मायक्रोफोन निवेदकाकडे तोंड करून असल्याने त्याला निवेदकाच्या पाठीमागची भिंत अधिक ऐकू येते. म्हणून तीन पॅनेल पाठीमागे, दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि एक डोक्यावर छताला, अशी मांडणी केली. खोलीचा आकार आणि शोषण यांवरून निनाद, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, काढणाऱ्या सॅबिनच्या सूत्राप्रमाणे सुमारे ३२ घनमीटरच्या या खोलीतील ०.९ सेकंदाचा निनाद ०.५ सेकंदाच्या जवळ यायला हवा होता आणि रूम ईक्यू विझार्ड या मोफत सॉफ्टवेअरने केलेल्या मोजणीत मधल्या स्वरांच्या पट्ट्यात तो तसाच आला. निवेदन आता संपादनात फारसे धुवावे लागत नाही.

डग्ग्याच्या खोल स्वरांचे दुखणे मात्र कायम आहे. बारा फूट लांबीमुळे ४७ आणि ९४ हर्ट्झला खोली स्वतःच घुमते. ९४ हर्ट्झच्या लहरीचा चतुर्थांश तीन फूट भरत असताना दोन इंचांची लादी तिला काय अडवणार? कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत जाड थर रचल्याशिवाय हे सुधारणार नाही आणि त्यासाठी पलंग हलवावा लागेल, ज्याला घरातून अद्याप मंजुरी नाही. शेजारच्या मिक्सरचा आवाजही पूर्वीइतकाच आत येतो. आवाज अडवायला वजनदार भिंत आणि बंद फटी लागतात, सच्छिद्र लादी नव्हे.

पावसाळ्यात लाद्यांना काही झाले नाही, पण एका चौकटीचा सांधा फुगला. पाठीमागे प्लाय न लावता नुसते कापड ताणलेल्या चौकटी कोरड्या राहिल्या. सर्व खर्च तयार पॅनेलच्या सुमारे एक तृतीयांशात भागला, मात्र तीन रविवार गेले. बोलणे किंवा गाणे मुद्रित करणाऱ्याने ही पॅनेल निःशंकपणे करावीत. केवळ तबला किंवा पखवाज मुद्रित करायचा असेल, तर दुप्पट लाद्या घेऊन आधी कोपरे भरावेत.