बोकडाची कवटी : कुंडीत पुरावी की बादलीत कुजवावी?

मटणाच्या दुकानातून आणलेल्या मुंडीची कवटी साफ करून कपाटात मांडायची, तर मुंबईच्या फ्लॅटमध्ये खरे पर्याय दोनच उरतात : कुंडीतल्या मातीत पुरणे किंवा बादलीतल्या पाण्यात कुजवणे. उकळल्याने चरबी हाडात मुरते आणि नाकाकडची पातळ हाडे सुटू लागतात, म्हणून तो मार्ग मी सोडला. संग्रहालयांत हाडावरचे सुके मांस खायला सोडतात ते डर्मेस्टिड भुंगेरे घरी आणले, तर ते सुक्या बोंबलांच्या डब्यापर्यंत पोचल्यावाचून राहणार नाहीत. (आरेच्या किंवा बोरिवलीच्या जंगलात सापडलेली कवटी उचलण्याचा मोह टाळावा, तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो.)

कुंडीचा मोठा गुण असा की, वर वीतभर माती असली तर शेजाऱ्यांना काही कळतही नाही. मुलुंडच्या आमच्या गॅलरीत मी पावसाळ्याआधी मुंडी पुरली आणि दसऱ्यानंतर काढली. हाडावर चहाच्या डागासारखा रंग चढला होता, आणि काहींना तो आवडेलही. माझे मन उडाले ते दातांपायी. बोकडाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खालच्या जबड्यात आठ असतात आणि हिरडी कुजली की ते सुटे होतात. वर्तमानपत्रावर कुंडी उपडी करून मी दोन संध्याकाळी माती चिमटीचिमटीने पाहिली. माती हलकी राहावी म्हणून घातलेल्या परलाइटचा प्रत्येक पांढरा दाणा मला दात वाटे. पाच सापडले. दुकानदाराने बोकड 'दोनदाती', म्हणजे दोन पक्के दात आलेला, म्हणून सांगितला होता, आणि हरवलेल्या तिघांत त्या दोन मोठ्या दातांपैकी एक होता.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, सेक्रेटरींना आधी सांगून, कातडी आणि मेंदू काढलेली मुंडी झाकणाच्या बादलीत घालून गच्चीवर ठेवली. मांस कुजवणाऱ्या जंतूंना ऊब लागते, म्हणून थंड देशांतले हौशी लोक पाण्यात माशांच्या टाकीचा हीटर सोडतात. आपल्याकडे ते काम मे महिनाच करतो. जंतू टिकावेत म्हणून दर वेळी निम्मेच पाणी बदलले. तीन आठवड्यांत मांस सुटले, शिंगांची टोपणे अलगद हातात आली आणि चहाच्या जुन्या गाळणीत आठही दात मिळाले. पाणी बदलण्याच्या दिवशी येणारा वास मात्र भयंकर असतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढचे काम दोन्हींत सारखेच : भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात चरबी निघेपर्यंत ठेवणे, मग हाड पांढरे करायला केमिस्टकडचे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड तितकेच पाणी घालून वापरणे. कपड्यांचे ब्लीच नको. त्याने हाड भुसभुशीत होते.

ज्यांना गच्ची नाही किंवा ज्यांचे सेक्रेटरी तितके सोशिक नाहीत, त्यांना कदाचित कुंडीच बरी पडेल. मात्र मुंडी मच्छरदाणीच्या तुकड्यात बांधून पुरावी. मला हे सुचेपर्यंत त्या मातीत मोगरा लावून झाला होता.