जुने गोवे की फोंड्याची देवळे?

गोव्यात एकच मोकळा दिवस असेल, तर जुने गोवे पाहावे की फोंड्याची देवळे, असा पेच अनेकांना पडतो. खर्च दोन्हीकडे मुख्यतः वाहनाचाच आहे. श्रमांत मात्र फरक पडतो: जुन्या गोव्यातील से कॅथेड्रल आणि १६०५ साली पूर्ण झालेले बॉम जेझू बॅसिलिका ही चर्चे समोरासमोर असल्याने पायीच पाहून होतात, तर मंगेशी, म्हार्दोळ, कवळे ही ठिकाणे विखुरलेली आहेत. तरीही सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीच्या जाचामुळे कुठ्ठाळीहून मंगेश आणि केळशीहून शांतादुर्गा भाविकांनी नदीपार कशी हलवली, हे समजून घेतल्यावर तिथल्या दीपस्तंभांकडे, घुमटांकडे पाहण्याची दृष्टीच बदलते, आणि मला हेच अधिक मोलाचे वाटते. अर्धाच दिवस हाती असेल किंवा युरोपीय वास्तुकलेची ओढ असेल, तर जुने गोवे निवडावे; स्थलांतरित दैवतांचा इतिहास जाणून घ्यायचा असेल, तर फोंडा.