कोल्हापूरच्या राजारामपुरीतला चार रविवारचा बॅलन्स शीट क्लास, माझा अनुभव

गेल्या महिन्यात मी हा बॅलन्स शीट म्हणजे ताळेबंद वाचायला शिकवणारा क्लास केला आणि तेव्हापासून दोनतीन जणींनी विचारलं कसा आहे, घालू का नवऱ्याला, म्हणून एकदाच सगळं लिहिते. नाव इथं टाकत नाही कारण सर वीस जणांचीच बॅच घेतात आणि जाहिरात करू नका असं त्यांनीच सांगितलंय. रिटायर्ड बँक अधिकारी आहेत, आयुष्यभर कर्जाच्या फाइली तपासल्यात, आणि शिकवतातही तसंच, व्याख्या वगैरे नाही, पहिला प्रश्नच असा की हा कागद बघून तुम्ही स्वतःच्या खिशातले पैसे द्याल का.

आमचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, फाउंड्रीतून कास्टिंग म्हणजे ओतीव भाग आणायचे, मशिनिंग करून द्यायचं. सासऱ्यांनी सुरू केलं, आता शॉप आमचे हे बघतात आणि ऑफिस मी. बारावीला मला पुस्तपालन व लेखाकर्म होतं, रोजकीर्द खतावणी तेरीज सगळं यायचं, तरी दरवर्षी सीएंकडून बॅलन्स शीट आली की दोन्ही बाजूंची, म्हणजे मालमत्ता एकीकडे आणि भांडवल व देणी दुसरीकडे, बेरीज जुळलीय ना एवढंच बघून सही करायची. जुळली म्हणजे बरोबर, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की पुढं काही विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

पहिल्या रविवारी सरांनी तेच काढून टाकलं. फळ्यावर सत्यम ह्या सॉफ्टवेअर कंपनीचे आकडे लिहिले. 7 जानेवारी 2009 ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केलं, सप्टेंबर 2008 च्या ताळेबंदात रोख आणि बँक शिल्लक 5,361 कोटी दाखवलीय त्यातले 5,040 कोटी नाहीतच, शिवाय 376 कोटींचं येणं व्याज खोटं, येणी 490 कोटींनी फुगवलेली आणि 1,230 कोटींचं देणं दाखवलेलंच नाही. आणि ताळेबंद? जुळलेला होता! सर म्हणाले बेरीज जुळते म्हणजे प्रत्येक नोंद दोन ठिकाणी झाली एवढंच, ती वस्तू जगात आहे का ते बेरीज सांगत नाही. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की खोटं होतं ते बँक शिल्लकेत, म्हणजे ज्या ओळीवर आपण कधीच शंका घेत नाही तिथं.

दुसरा रविवार म्हणजे ह्या क्लासची खरी किंमत. प्रत्येकानं स्वतःच्या धंद्याची बॅलन्स शीट आणायची, नावं झाकून, आणि मालमत्तेच्या प्रत्येक ओळीपुढं पेन्सिलनं लिहायचं की ह्याचे पैसे होणार का, कधी, आणि किती. साधं वाटतं ना, मला अडीच तास लागले. आमची चालू मालमत्ता, म्हणजे वर्षभरात जिचे पैसे व्हावेत ती, 92 लाख, वर्षभरात द्यायची चालू देणी 69 लाख, म्हणजे एकाला दुसऱ्यानं भागून येणारा करंट रेशो 1.33, बँकेला कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे रोजच्या खेळत्या पैशाच्या कर्जासाठी, हवा असतो बरोबर तेवढा, आणि मी त्यावर खूश होते. सर माझ्याजवळ बसले आणि म्हणाले ताई गिऱ्हाइकांकडून येणं असलेल्या उधारीची यादी काढा, तारखेनुसार लावा. लावली तर 9 लाख एकाच पार्टीकडे, तीन वर्षांपूर्वीचे, त्यांचं युनिट बंद पडून गेट गंजलंय, रोज त्याच रस्त्यानं जाते मी. मग स्टॉक. त्यात जुन्या ऑर्डरची कास्टिंग, ड्रॉइंग बदललं म्हणून पडून राहिलेली, आमच्या पुस्तकात खरेदीच्या भावानं म्हणजे 95 रुपये किलोनं धरलेली, आणि आज कुणी घेतलीच तर भंगारात 35 नं जाणार. नियम असा आहे की स्टॉक खरेदी किंमत किंवा विकून हातात येणारी निव्वळ रक्कम, दोन्हीत जी कमी ती धरायची, बारावीला हे वाक्य पाठ केलेलं, पण माझ्याच शेडच्या कोपऱ्यात पडलेल्या लोखंडाला ते लागू आहे हे कधी सुचलंच नाही. त्यात 5 लाख गेले. 92 मधून 14 वजा, 78 भागिले 69, रेशो आला 1.13. घरी येऊन ह्यांना दाखवलं तर बराच वेळ काही बोललेच नाहीत.

पण त्याच कागदावर उलटंही निघालं. प्लॉट सासऱ्यांनी एमआयडीसीकडून 95 वर्षांच्या लीजनं घेतलेला, पुस्तकात अजून तेव्हा भरलेल्याच रकमेला, एक लाख दहा हजार. 22 लाखांचं मशीन, दरवर्षी उरलेल्या रकमेवर 15 टक्के घसारा, दहा वर्षांत पुस्तकात सव्वाचार साडेचार लाखांवर आलंय आणि आजही दोन शिफ्ट चालतं. सरांनी समजावलं की घसारा म्हणजे बाजारभाव काढणं नाही, मशीनवर केलेला खर्च ते वापरतो त्या वर्षांमध्ये वाटून टाकणं. म्हणजे कागदावर उधारी फुगलेली आणि जमीन आक्रसलेली, दोन्ही एकाच पानावर. मग मी घाईनं विचारलं की जमिनीच्या जिवावर उधारीचा खड्डा भरून निघतो ना, तर म्हणाले कामगारांचा पगार सात तारखेला असतो, प्लॉट सात तारखेला विकता येतो का.

तिसऱ्या रविवारी लिस्टेड कंपन्यांचे वार्षिक अहवाल. कंपनी कायदा 2013 च्या शेड्यूल तीन प्रमाणं मांडणी असते, आणि गंमत म्हणजे इंड एएस म्हणजे नवे हिशेबी मानदंड लागू असलेल्या कंपन्यांत मालमत्ता आधी येते, बाकीच्यांत भांडवल आणि देणी आधी, म्हणून दोन कंपन्या शेजारी ठेवल्या की गोंधळ होतो. शेड्यूल दोनमध्ये घसाऱ्यासाठी प्रत्येक वस्तूचं आयुष्य दिलंय, कॉम्प्युटर 3 वर्षं, फर्निचर 10, साधी मशिनरी 15, फॅक्टरीची इमारत 30. ह्यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट मात्र ताळेबंदासोबतच्या टिपांमध्ये असते. 2021-22 पासून कंपन्यांना उधारी किती जुनी आहे त्याचा तक्ता द्यावा लागतो, सहा महिन्यांच्या आतली, वर्षाच्या आतली, अशी करत तीन वर्षांच्या वरची, आणि अर्धवट राहिलेल्या प्रकल्पांचाही तसाच. शेअर घेणाऱ्या प्रत्येकानं नफ्याच्या आकड्याआधी हे तक्ते उघडावेत असं मला मनापासून वाटतं. ख्याती म्हणजे गुडविल फार पटकन उरकलं, दुसरी कंपनी विकत घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त दिलेले पैसे एवढंच वहीत आहे माझ्या.

तक्रारी आहेत. चौथा रविवार देण्यांसाठी होता आणि तो अगदी गडबडीत गेला, कारण तिसरा लांबला. तरतुदी, संभाव्य देणी, दुसऱ्याच्या कर्जाला दिलेली गॅरंटी, हे सगळं शेवटच्या पाऊण तासात, आणि सत्यममध्ये लपवलेलं देणं पहिल्याच दिवशी शिकवल्यावर असं व्हायला नको होतं. झेरॉक्स इतक्या फिकट की टिपांमधले बारीक आकडे वाचताच येत नाहीत, पैसे घेता तर स्वच्छ प्रती द्या. रोखप्रवाह अजिबात नाही, त्याचा वेगळा क्लास आहे म्हणे. ज्यांना नावे जमा माहीत नाही ते पहिल्या दिवशी गळपटतात, माझ्या शेजारची मुलगी दुसऱ्या रविवारी आलीच नाही, तिच्यासाठी एक तास आधी घ्यायला हवा होता.

फी साडेतीन हजार, चहा त्यातच. ह्यांचं म्हणणं होतं की त्या बुडीत उधारीची तरतूद दाखवली तर बँक लिमिट कमी करेल, पण आमच्या बँकेत 90 दिवसांवरची उधारी ड्रॉइंग पॉवरला, म्हणजे स्टॉक आणि उधारीवर किती पैसे उचलता येतील ते ठरवताना, तशीही धरत नाहीत, म्हणजे त्या 9 लाखांवर आम्हाला एक रुपया मिळत नव्हता आणि नफा म्हणून दाखवलेला असल्यानं टॅक्स मात्र भरून झालेला. सीएंशी बोलून ह्या मार्चला ती उधारी आणि ती कास्टिंग दोन्ही खऱ्या किमतीला आणतोय. कोपरा मोकळा झालाय, कास्टिंगचं वजन दोन दिवस चाललं.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. जाताना नुसती बॅलन्स शीट नेऊ नका, सोबतची सगळी परिशिष्टं आणि उधारीची तारीखवार यादी न्या, नाहीतर दुसरा रविवार वाया जाईल. माझे पाचपैकी चार स्टार, चौथा रविवार नीट घेतला तर पाच.